गोळी दिली, पण सांगितले काय?

या सदरातून आजवर आपण मधुमेह, अतिसार, रक्तक्षय, हिवताप अशा अनेक विकारांची माहिती घेतली. आजचा विषय कोणत्याही रोगाचा नाही; पण तो बिघडला तर साधा रोगही बिघडतो. तो विषय म्हणजे दवाखान्यातील बोलणे. डॉक्टरचे रुग्णाशी, परिचारिकेचे डॉक्टरशी, आशाताईचे घरच्या सासूबाईंशी, औषध दुकानदाराचे गिऱ्हाइकाशी. आरोग्यसेवेत काम करणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि रुग्ण तर आपण सर्वच कधी ना कधी असतो. तेव्हा हा पाठ दोघांसाठी आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

एका चुकीची हकीकत

गोष्ट १९९१ सालची. मी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. मंगळवार हा तिथला बाजाराचा दिवस, त्या दिवशी दीड-दोनशे केसपेपर निघत. अशाच एका मंगळवारी पस्तिशीचा एक शेतमजूर आला. महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण, अंगावरचे कपडे ढिले झालेले. बेडका तपासला, क्षयाचे जंतू सापडले. मी औषधे लिहिली आणि म्हणालो, "टीबी आहे. गोळ्या रोज घ्यायच्या, बंद करायच्या नाहीत. सिस्टरकडून घेऊन जा." त्याने मान हलवली. त्याला समजले असे मी गृहीत धरले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

पुढच्या महिन्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मी रजिस्टरात त्याच्या नावापुढे 'डिफॉल्टर' असा लाल शेरा मारला. तीन महिन्यांनी तो आला तेव्हा खोकल्यातून रक्त पडत होते. सोबत बायको होती आणि सहा वर्षांची मुलगी, तिच्या मानेला गाठी आलेल्या. मी चिडून विचारले, "गोळ्या का सोडल्या?" तो खाली बघत राहिला. उत्तर बायकोने दिले. "साहेब, पहिल्याच दिवशी यांना लघवीतून रगत जाया लागलं. लई गरम पडलं औषध. आनखी घेतलं असतं तर मानूस हातचा गेला असता."

ते रक्त नव्हते. क्षयावरच्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवीचा रंग नारिंगी-लाल होतो. घामाला आणि अश्रूंनाही तो रंग येऊ शकतो. त्याने काही अपाय होत नाही. हे एक वाक्य मी त्याला सांगितले नव्हते. लाल लघवी पाहून औषध बंद करणारा तो माणूस त्याच्या समजुतीप्रमाणे शहाण्यासारखाच वागला होता.

रुग्ण गेल्यावर आमच्या सिस्टर म्हणाल्या, "साहेब, ती बाई दुसऱ्याच आठवड्यात मला बाजारात भेटली होती. लाल लघवीचं बोलली. भिऊ नको, असं मी तिला सांगितलं, पण तिला पटलं नाही. म्हणाली, तसं असतं तर डॉक्टर बोलले असते ना. मी तुम्हाला सांगणार होते. पण त्याच आठवड्यात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, मला विचारल्याशिवाय मधे मधे करू नका. म्हणून राहून गेलं."

मुलीच्या गाठी औषधाने बऱ्या झाल्या. त्याला मात्र पहिल्यापासून, तेही सुयांसकट, लांबलेला उपचार घ्यावा लागला. जीव वाचला, पण एका फुफ्फुसाचा वरचा भाग निकामी झाला आणि पोत्यांची हमाली किंवा नांगर त्याला पुन्हा झेपला नाही. ज्याचे पोट अंगमेहनतीवर आहे त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. निदान बरोबर होते, औषधही बरोबर होते. चुकले ते दोन ठिकाणचे बोलणे: एक माझे रुग्णाशी, दुसरे माझे सहकाऱ्याशी. आज या दोन्हींचा क्रमाने विचार करू.

१. आधी ऐकून घ्या

अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींतील संभाषण तपासले. रुग्ण आपली तक्रार सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. आपले म्हणणे पूर्ण करायची संधी मिळाली ती जेमतेम २३ टक्के भेटींत. आणि ज्यांना बोलू दिले त्यांनी किती वेळ घेतला? बहुतेकांनी एक मिनिटही नाही, आणि अडीच मिनिटांहून जास्त तर कोणीच नाही. गर्दीचे कारण आपण सारेच सांगतो. पण हे अर्धे-एक मिनिट वाचवून पुढे महिने वाया जातात, हे वरच्या हकिकतीत दिसलेच.

रुग्ण पहिली तक्रार सांगतो ती बहुधा सांगायला सोपी असते. खरी तक्रार तो उठता उठता, चपला पायात सरकवताना सांगतो: "आणि साहेब, अधूनमधून छातीत पण दुखतं." म्हणून पहिली तक्रार ऐकून झाल्यावर "आणखी काही?" हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर 'नाही' येईपर्यंत पुन्हा विचारावा.

रुग्णाचे शब्द त्याच्याकडूनच उलगडून घ्यावेत. 'गॅस झालाय' हे आपल्याकडचे फार धोक्याचे वाक्य आहे. कोणाला त्यातून करपट ढेकर म्हणायचे असतात, कोणाला पोट फुगणे, तर कोणाला छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे. यातले शेवटचे हृदयविकाराचे लक्षण असू शकते, आणि सोड्याची पुडी घेऊन घरी बसलेले रुग्ण त्यामुळे दगावतात. "गॅस म्हणजे नेमकं कुठं आणि काय होतं? हात ठेवून दाखवा," एवढे विचारावे. 'अशक्तपणा', 'चक्कर', 'जीव घाबरा होतो' या शब्दांचेही तसेच आहे.

काही दुखणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही विकार होता. पण त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. दुखणे होते, पण बोलायला जागा नव्हती. भर ओपीडीत, टेबलाभोवती दहा माणसे उभी असताना "पांढरं जातं का?" असे मोठ्याने विचारले तर बाई 'नाही' म्हणणारच. एक पडदा, हळू आवाज आणि शक्य तेथे स्त्री कर्मचारी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

२. मग त्याच्या शब्दांत सांगा

आपण एक बोलतो आणि ऐकणारा दुसरेच ऐकतो. रोजच्या पाहण्यातली काही उदाहरणे देतो.

'साखर बंद करा.' मधुमेही रुग्ण साखर खरोखरच बंद करतो आणि चहात गूळ घालू लागतो. गुळाने रक्तातली साखर वाढतेच, हे वेगळे सांगावे लागते.

'उद्या उपाशीपोटी रक्त तपासायला या.' पुष्कळांच्या लेखी चहा म्हणजे खाणे नव्हे. रुग्ण चहा, वर दोन बिस्किटे घेऊन येतो आणि तपासणी चुकते. "रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी, सकाळी चहासुद्धा नाही," असे सांगावे.

'दिवसातून तीन वेळा जेवणानंतर.' मजूर माणूस दोन वेळाच जेवतो, मग तो दोनच गोळ्या घेतो. आधी त्याचा दिवस विचारावा, मग वेळा ठरवाव्यात.

'रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे.' आपल्या लेखी याचा अर्थ दोष सापडला. पण 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगले, असे शिकलेली माणसेही समजतात. 'निगेटिव्ह' ऐकून रडू लागलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. "तपासणीत जंतू सापडले" किंवा "काही दोष सापडला नाही," असे सरळ म्हणावे.

'रक्तदाबाची गोळी रोज घ्या.' पंधरा दिवसांनी डोके दुखायचे थांबते आणि रुग्ण गोळीही थांबवतो. बहुतेकांना रक्तदाब वाढल्याचे जाणवतच नाही. बरे वाटते ते गोळी चालू आहे म्हणून, हे कारण सांगितल्याशिवाय 'रोज' या शब्दाला वजन येत नाही.

'हे पाकीट पाण्यातून द्या.' ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. आई ते पेल्यात चिमूट चिमूट टाकून देते, आणि द्रावण कधी फार खारट तर कधी नुसतेच पाणी होते. तांब्यांचे माप घरोघरी वेगळे असते. त्यापेक्षा एक लिटरची पाण्याची बाटली दाखवावी आणि तिच्यासमोर एकदा द्रावण करून दाखवावे.

काही ठिकाणी तर एका शब्दाने जीव जातो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रुग्णाने ते रोज घेतल्यामुळे मृत्यू ओढवल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. अशा वेळी 'आठवड्यातून एकदा' एवढे पुरत नाही. वार ठरवून द्यावा आणि तो पाकिटावर लिहावा.

सांगताना तीन पथ्ये पाळावीत. एका वेळी तीनच गोष्टी सांगाव्यात, आणि सर्वांत महत्त्वाची पहिली. औषधाचा अपेक्षित त्रास आधीच सांगावा: लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, क्षयाच्या औषधाने लघवी लाल होते. आणि कोणत्या त्रासाला लगेच यायचे तेही सांगावे: क्षयाच्या औषधांवर असताना डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या किंवा नजर अंधूक झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. निरुपद्रवी त्रास कोणता आणि धोक्याचा कोणता, हे दोन्ही कळले तरच रुग्ण घरी योग्य निर्णय घेतो.

३. परत सांगायला लावा

"समजले का?" हा दवाखान्यातला सर्वांत निरुपयोगी प्रश्न आहे. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असते. नाही म्हणायला माणूस लाजतो, किंवा समजले असे त्याला मनापासून वाटत असते.

त्याऐवजी असे विचारावे: "मी नीट सांगितले की नाही ते मला बघायचे आहे. घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारले, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?" यात परीक्षा रुग्णाची नसते, आपली असते. जे चुकेल तेवढेच पुन्हा सांगायचे आणि पुन्हा विचारायचे.

या साध्या युक्तीचा मोठा प्रयोग शेजारच्या बांगलादेशात झाला. ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघरी जाऊन मातांना जुलाबावरचे घरगुती पाणी करायला शिकवले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. एक कोटीहून अधिक घरे त्यांनी गाठली. यातली खरी मेख मोबदल्यात होती. कार्यकर्तीला पैसे किती घरे केली यावर मिळत नसत. काही आठवड्यांनी दुसरा माणूस जाई आणि त्या आईला काय आठवते, तिने केलेले पाणी बरोबर आहे का, ते पाही. आईच्या आठवणीवर शिकवणारीचा पगार!

तरीही सुरुवातीला फार थोड्या घरांत ते पाणी प्रत्यक्ष वापरले जाई. शोध घेतल्यावर दोन कारणे दिसली. शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या दुसरी औषधे घेत. आणि घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. या दोन्ही उणिवा दूर केल्यावर वापर वाढला. यातून दोन धडे घ्यावेत. जे आपल्याला स्वतःला पटलेले नाही ते दुसऱ्याला पटवता येत नाही. आणि घरात निर्णय कोण घेतो हे ओळखून त्यालाही संभाषणात बसवले पाहिजे. (आपल्याकडे आज आशाताईंकडे आणि उपकेंद्रात ओआरएसची पाकिटे मिळतात, तीच वापरावीत. सोबत बाळाला जस्ताची गोळी १४ दिवस द्यायची असते. जुलाब थांबले तरी ती थांबवायची नाही, हेही आईकडून परत वदवून घ्यावे.)

४. घरचे, दुभाषी आणि खाजगी गोष्टी

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया, नंदुरबारच्या डोंगरात पावरी. आपल्याच राज्यात दवाखान्याची भाषा आणि घरची भाषा वेगळी असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा वेळी सोबतच्या लहान मुलाला दुभाषी करू नये. आईच्या पाळीविषयी दहा वर्षांचा मुलगा काय विचारणार आणि काय सांगणार? गावची आशा किंवा त्या भाषेचा कर्मचारी शोधावा. बोलताना मात्र नजर रुग्णाकडेच ठेवावी.

रुग्णाची माहिती ही त्याची ठेव आहे. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे. क्षय, गर्भपात, मानसिक आजार यांतही तेच पथ्य पाळावे. व्हरांड्यातून "टीबीवाले इकडे या" अशी आरोळी ऐकली की पुढच्या वेळी निम्मे लोक येत नाहीत.

५. वाईट बातमी सांगताना

हे काम कोणालाच सोपे नाही, म्हणून ते उभ्या उभ्या, जिन्यात उरकले जाते. तसे करू नये. नातेवाइकांना बसवावे, आपणही बसावे. त्यांना आधी काय माहीत आहे ते विचारावे. मग "बातमी चांगली नाही" असे एक वाक्य बोलून थांबावे. त्यानंतर साध्या शब्दांत खरे ते सांगावे. 'पेशंट सिरीयस आहे' हे शब्द मृत्यूनंतर वापरू नयेत. मृत्यू झाला असेल तर 'ते गेले' असेच म्हणावे. मग गप्प राहावे. लोक रडतात, रागावतात. त्यांना तो वेळ द्यावा. शेवटी पुढे काय करायचे ते सांगावे.

डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ले रोखण्यासाठी आपल्या राज्यात २०१० साली कायदा झाला. तो हवाच, हात उगारणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. परंतु कायदा लागतो तो हात उगारल्यानंतर. त्याआधीचे तीन तास अतिदक्षता विभागाच्या बंद दाराबाहेर नातेवाईक बसलेले असतात आणि त्यांच्याशी कोणी एक शब्द बोललेले नसते. दर तासाला एकाने बाहेर येऊन "अजून प्रकृती तशीच आहे, प्रयत्न चालू आहेत," एवढे सांगितले तरी पुष्कळ तापलेली डोकी शांत राहतात.

६. सहकाऱ्यांशी बोलताना

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे वळतो. रुग्णाला जे कळते ते डॉक्टरला कळेलच असे नाही. वाटेत परिचारिका, आशा, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषधनिर्माता, वॉर्डातल्या मावशी असे पुष्कळ टप्पे असतात. रात्री रुग्ण दोनदा उठून बसला, त्याला धाप लागत होती, हे बहुधा मावशींनीच पाहिलेले असते. त्या बोलल्या तर त्यांचे ऐकले जाईल, असे वातावरण वरच्यांनी ठेवायचे असते.

फोनवर निरोप देण्याची एक चार पायऱ्यांची रीत आहे. मूळ ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची. पुढे रुग्णालयांनी उचलली. पायऱ्या अशा: आता काय घडते आहे, आधी काय झाले, मला काय वाटते, आणि तुमच्याकडून काय हवे.

रात्री दोन वाजता प्रसूती कक्षातून फोन येतो, "साहेब, त्या बाईंना जरा बरं वाटत नाहीये." झोपेतला डॉक्टर म्हणतो, "बघ जरा, सकाळी येतो." आता तोच निरोप नीट दिला तर कसा असेल ते पाहा:

"साहेब, प्रसूती कक्षातून बोलतेय. आत्ता प्रसूत झालेल्या बाईंना रक्तस्राव जास्त होतोय, नाडी १२०, रक्तदाब ९०-६०. दुसरी खेप, अर्ध्या तासापूर्वी प्रसूती झाली, वार पूर्ण पडली, ऑक्सिटोसिन १० युनिट दिलेलं आहे. गर्भाशय सैल लागतंय, ते आवळत नाहीये असं मला वाटतं. चोळणं चालू आहे, सलाइन लावलंय. तुम्ही आत्ता लगेच या. येईपर्यंत आणखी काय देऊ, आणि १०८ ला फोन करून ठेवू का?"

हा फोन अर्ध्या मिनिटाचा आहे. तो ऐकून कोणी झोपून राहू शकत नाही. परिचारिकेने 'मला असं वाटतं' हे म्हणणे यात उद्धटपणा नाही, तो तिच्या कामाचाच भाग आहे.

दुसरे पथ्य फोनवरील आदेशाचे. ऐकणाऱ्याने तो लिहून घ्यावा, वाचून दाखवावा, आणि सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हणावे. फोनवर 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गोंधळ होतो. म्हणून 'पंधरा, एकावर पाच' असे सुटे आकडे उच्चारावेत. लिहिताना इन्शुलिनच्या आकड्यापुढे इंग्रजी 'यू' हे अक्षर काढू नये. ते शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात. 'युनिट' हा पूर्ण शब्द लिहावा. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य द्यावे, नाहीतर अर्ध्याचे पाच होतात.

तिसरे पथ्य पाळी बदलतानाचे. जाणाऱ्याने येणाऱ्याला खाटेजवळ उभे राहून सांगावे: कोणावर लक्ष ठेवायचे, कोणते काम अर्धे राहिले, कोणता अहवाल यायचा आहे.

चौथे पथ्य वरिष्ठांसाठी आहे. चूक दाखवणाऱ्याला पहिला शब्द 'बरे झाले सांगितलेत' असाच गेला पाहिजे. रागवायचे असेल तर एकट्याला, बंद दारामागे. सहकाऱ्याला चारचौघांत एकदा टाकून बोलले की पुढच्या दहा सूचना तो गिळून टाकतो, आणि त्यांची किंमत रुग्ण मोजतो. माझ्या बाबतीत ती एका शेतमजुराने आणि त्याच्या लेकीने मोजली.

हे सारे शिकवून येते, हे वैद्यकीय शिक्षणानेही आता मान्य केले आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग घातला गेला. आमच्या वेळी तो नव्हता. आम्ही रुग्णांच्या जिवावर शिकलो.

७. रुग्णांनी काय करावे?

संभाषणाची अर्धी दोरी रुग्णाच्या हातात असते. दवाखान्यात जाताना आपल्या तक्रारी कागदावर लिहून न्याव्यात, सर्वांत त्रासाची पहिली. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. काढा, चूर्ण, झाडपाला घेत असल्यास तेही लपवू नये. आणि उठण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत:

१) मला झाले आहे काय?
२) हे औषध कशासाठी, कधी आणि किती दिवस घ्यायचे?
३) याने काय त्रास होऊ शकतो, आणि कोणता त्रास झाला तर लगेच यायचे?
४) खाण्यापिण्यात आणि कामात काय बदल करायचा?
५) पुन्हा केव्हा यायचे?

विचारल्याने डॉक्टर रागावतील, अशी भीती पुष्कळांना वाटते. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नावर रागावणे हा डॉक्टरचा दोष आहे, तुमचा नाही.

या आठवड्याचा अभ्यास

आरोग्यसेवेतील वाचकांनी येत्या आठवड्यात रोज फक्त तीन रुग्णांवर हा प्रयोग करून पाहावा. रुग्णाला न तोडता बोलू द्यावे आणि घड्याळाकडे पाहावे. शेवटी "आणखी काही?" विचारावे. औषध देताना अपेक्षित त्रास सांगावा. आणि "घरी काय सांगाल?" असे विचारून उत्तर वहीत लिहून ठेवावे. आठवड्याच्या शेवटी वही उघडून आपण सांगितलेले किती पोचले ते तपासावे. पहिल्या आठवड्याचे उत्तर बहुतेकांना लाजवणारे असते, माझे होते.

त्या घटनेनंतर आमच्या रुग्णालयात एक नियम झाला. क्षयाची पहिली गोळी देताना सिस्टर रुग्णाला समोर बसवत आणि सांगत, "उद्या लघवी लाल होईल. भ्यायचं नाही. औषध पोटात गेल्याची ती खूण आहे. लाल झाली की आम्हाला येऊन सांगायचं." दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसे खरोखरच सांगायला येत. "झाली बरं का, सिस्टर!" एखादा तर बातमी आणल्याच्या थाटात सांगे. ज्या लाल लघवीने आधी एक माणूस उपचार सोडून गेला होता, तीच आता माणसांना दवाखान्यात परत आणू लागली. औषध तेच होते. त्याच्यासोबत आता चार वाक्ये दिली जात होती.

(पुढील आठवड्यात: घरातील औषधांची पेटी, काय ठेवावे आणि काय फेकावे)